लहान तलावात क्रॅपी आणि वॉलाय हे मासे गरवणं: नवशिक्याने सुरुवात कुठून करावी? (मिनेसोटा)

नवा_गळकरी

नमस्कार मंडळी. मिनिआपोलिसच्या आसपासच्या लहान तलावांवर, म्हणजे ५० ते ३०० एकरांच्या, काठावरून किंवा फिशिंग पिअरवरून (पाण्यात बांधलेल्या धक्क्यावरून) गरवायचं आहे. लायसन्स काढलंय. साडेसहा फुटी मीडियम स्पिनिंग रॉड आहे, २५०० साइझचं रील, त्यावर दुकानातून भरून मिळालेला १० पाउंड ताकदीचा मोनो (एकधागी नायलॉन) तंगूस. सोबत लाल-पांढरे गोल बोये, ६ नंबरच्या गऱ्या आणि गांडुळं. एवढ्यावर तळहाताएवढे सनफिश हवे तितके येतात. क्रॅपी क्वचित टोचतो आणि सुटतो, वॉलायचं तर दर्शनही नाही.

विचारायचं असं की याच सामानात काय बदलावं, आमिष किती खोल ठेवावं, दिवसाच्या कोणत्या वेळी जावं, आणि मुळात एखाद्या लहान तलावात वॉलाय आहे की नाही हे कसं ओळखायचं? व्हिडिओ सगळे मोठ्या बोटी आणि सोनार (पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) असणाऱ्यांचे आहेत, त्यांचा काठावर उपयोग होत नाही.

लव्हाळकाठ

क्रॅपीचं मी सांगतो, वॉलायवर इथे बोलणारे दुसरे आहेत.

निम्मा घोळ सामानात आहे. १० पाउंडाचा मोनो जाड असतो, रिळावरची वेटोळी तो सोडत नाही, आणि १/३२ औंसाची जिग (शिशाच्या डोक्याची गरी) इतकी हलकी असते की ती वेटोळी सरळ करायचं वजन तिच्यात नसतं. मग तंगूस ढिला राहतो आणि टोच कळतच नाही. ४ किंवा ६ पाउंडाचा भरा. रॉड आहे तोच वापरा. पुढे कधी घेतलाच तर लाइट किंवा अल्ट्रालाइट, ७ फुटांच्या आसपासचा.

गोल बोया काढून टाका. तो तंगुसाला पक्का बसतो, त्यामुळे बोया आणि गरी यांत ४-५ फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवलं की फेकताच येत नाही. शिवाय तो इतका तरंगतो की मासा ओढायला गेला की त्याला अडथळा जाणवतो आणि तो आमिष सोडून देतो. सरकता बोया घ्या, बारीक, पेन्सिलसारखा. रॉडकडून गरीकडे क्रम असा: दोऱ्याची गाठ, मणी, बोया, मग चिमटीने दाबून बसवायचं बारीक शिसं, त्याखाली १२ ते १८ इंचांवर गरी किंवा जिग. गाठ रिळावर गुंडाळली जाते, त्यामुळे कितीही खोलीवर लावली तरी फेकायला आडवी येत नाही. इथे दोन गोष्टी बिघडतात. मण्याचं भोक मोठं असलं तर गाठ त्यातून निसटते आणि आमिष थेट तळाला जातं. गाठ कोरडी ओढली तर ती सैल राहते, प्रत्येक फेकीला सरकते आणि खोली बदलत राहते. ओली करून आवळा, टोकं पाव इंच ठेवून कापा.

शिसं इतकं लावा की बोयाचं फक्त टोक पाण्याबाहेर राहील. बोया आडवा पडून राहिला तर दोनच कारणं: शिसं कमी आहे किंवा ते तळाला टेकलंय. नवीन जागी खोली मोजायची तर गरीला अर्ध्या औंसाचं शिसं अडकवून फेका. बोया बुडाला तर पाणी तुमच्या गाठीपेक्षा खोल, आडवा पडला तर उथळ. गाठ सरकवत दोन-तीन फेकींत आकडा कळतो, सोनार लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. क्रॅपी वर बघून खातो. आमिष त्याच्या फूट-दीड फूट वर असेल तर तो उठून घेतो, त्याच्या खाली गेलं तर सहसा वळूनही बघत नाही. त्यामुळे चूक करायचीच तर वरच्या बाजूला करा. १० फूट पाण्यात ३ फुटांवरून सुरुवात करा, पाच-सहा फेकींत काही नाही झालं तर फूटभर खाली. ज्या खोलीवर पहिला लागला तिथेच थांबा. क्रॅपी थव्याने राहतो, एक मिळाला की तिथे आणखी असतात.

जागा ऋतूप्रमाणे बदलते. एप्रिलमध्ये बर्फ गेल्यावर उत्तरेकडच्या, काळ्या चिखलाच्या उथळ खाड्या आधी तापतात. तिथे क्रॅपी येतो तो खायला, अंडी घालायला नव्हे, आणि एक थंड रात्र झाली की पुन्हा खोल सरकतो. दुपारी उशिरा जा, तोवर पाणी दोन-चार अंशांनी चढलेलं असतं. पाणी ६० फॅरनहाइटच्या वर गेलं, म्हणजे इथे साधारण मेचा मध्य ते जूनची सुरुवात, की अंड्यांसाठी २ ते ६ फूट पाण्यात: लव्हाळे, मागच्या वर्षीची पाणकणसं, पडलेली झाडं. नर घरट्याची राखण करतो आणि त्या काळात जवळजवळ काळा पडतो. घरट्यांवरून फार उचलू नका, लहान तलावाचा पुढचा हंगाम त्यावरच असतो. जूनअखेरीपासून पाणवनस्पतींच्या बाहेरच्या कडेला, ८ ते १२ फूट पाण्यात, पण तळाला नाही, मधोमध. उन्हाळ्यात सूर्य मावळायच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा एक तास, बाकी दिवस घरी बसलात तरी चालेल.

आमिष: दीड-दोन इंची मिनो (आमिषाचा जिवंत बारीक मासा), ६ नंबरच्या बारीक तारेच्या गरीवर, पाठीच्या परामागे कातडीतून टोचलेला. कणा टोचला की मेला. बारीक तार मुद्दाम, लाकडात अडकली तर वाकून सुटते. किंवा १/३२ औंसाची जिग आणि दीड इंची प्लास्टिक, पांढरं, गुलाबी नाहीतर शार्ट्रूस (पिवळट पोपटी). गढूळ पाण्यात शार्ट्रूस, बाकी रंगाचा फार विचार करू नका. जिग पाण्यात आडवी लटकली पाहिजे. प्रत्येक माशानंतर तंगुसाची गाठ जिगच्या कडीत पुढे सरकते आणि जिग नाक वर करून उभी राहते, ती नखाने मागे ढकला.

टोचतो आणि सुटतो याची कारणं दोन. पहिलं, आमिषाच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसत असतील तर तो क्रॅपी नव्हेच, सनफिश आहे. दुसरं, क्रॅपीच्या तोंडाची कातडी इतकी पातळ असते की जोरात झटका दिला तर गरी फाडून बाहेर येते. रॉड नुसता उचला आणि ताण न सोडता गुंडाळा. पाण्यातून हवेत उचलू नका, लहान जाळी ठेवा. आणि बोया बुडायचीच वाट बघू नका. क्रॅपी आमिष घेऊन वर येतो तेव्हा शिशाचं वजन निघून जातं आणि उभा बोया अचानक आडवा होतो. तोही टोचच आहे, लगेच उचला.

संधिप्रकाश

लव्हाळकाठांचं सगळं पटलं, फक्त एक भर: काठावरून अंदाज न बांधता घरूनच तलाव निवडा. वॉलायसाठी तर हे पहिलं काम.

मिनेसोटातल्या बहुतेक लहान तलावांत वॉलाय आपोआप टिकत नाही. त्याला एप्रिलमध्ये अंडी घालायला वाऱ्याने धुतलेला गोट्यांचा काठ किंवा वाहता ओढा लागतो, चिखल आणि वनस्पतींच्या तलावात ती अंडी जगत नाहीत. म्हणजे लहान तलावात वॉलाय असेल तर बहुधा राज्याने सोडलेला. डीएनआरच्या (राज्याच्या निसर्गसंपदा खात्याच्या) लेकफाइंडर या संकेतस्थळावर तलावाचं नाव टाका आणि तीन गोष्टी बघा.

मत्स्यबीजाचा तक्ता: कोणत्या वर्षी काय सोडलं. नुकतीच उबलेली पिल्लं सोडली असतील तर लाखाचा आकडा बघून भुलू नका, त्यातली फार थोडी जगतात. शरद ऋतूत सोडलेली बोटाएवढी पिल्लं जास्त भरवशाची. खाण्याजोगा १४ इंचांचा मासा व्हायला ३-४ वर्षं लागतात, म्हणजे या वर्षीची नव्हे, चार वर्षांपूर्वीची ओळ बघायची.

जाळ्यांच्या पाहणीचा तक्ता: दर जाळ्याला किती मासे मिळाले आणि तशा तलावात साधारण किती मिळतात, हे शेजारी शेजारी दिलेलं असतं. वॉलायसाठी गिलनेटची (कल्ल्यांत अडकवणाऱ्या जाळ्याची) ओळ, क्रॅपीसाठी ट्रॅपनेटचीही (सापळ्यासारख्या जाळ्याची). पाहणी किती जुनी आहे ते आधी बघा, आठ-दहा वर्षांपूर्वीची असेल तर तिच्यावर विसंबू नका.

लांबीचा तक्ता: याकडे कुणी बघत नाही आणि हाच सगळ्यात उपयोगी. क्रॅपीच्या ओळीत ६-७ इंची ढिगाने आणि १० इंचांवर जवळजवळ शून्य असेल तर तो खुरटलेल्या माशांचा तलाव आहे, तिथे संध्याकाळ घालवू नका.

मिनिआपोलिसचा नोकोमिस आणि सेंट पॉलचा फेलन या दोन्ही तलावांत वॉलाय सोडतात आणि काठही सगळ्यांना खुला आहे. नुसता बोया बघायचा सराव करायचा असेल तर डीएनआरच्या फिशिंग इन द नेबरहुड योजनेतली लहान तळी बरी, तिथे पिअर असतात.

आता गरवणं. वॉलायच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा थर असतो, मंद उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. म्हणून स्वच्छ पाण्याच्या लहान तलावात दिवसा तो काठावरून मिळत नाही. सूर्यास्तापासून पुढचा दीड तास, आणि पहाटेचा. अपवाद वाऱ्याचा: ढगाळ दिवस आणि तुमच्या काठावर येऊन आपटणाऱ्या लाटा असतील तर पाण्यात उजेड तुटतो, तेव्हा दुपारीही लागतो. वारा अंगावर येईल तोच काठ निवडायचा. फेकायला त्रासाचा, पण मासा तिथेच.

काठावरून पद्धत एक: ४ ते ५ इंचांचा मिनोच्या आकाराचा तरंगता ल्युर (खोटा मासा), रापाला कंपनीचा मूळ बाल्सा लाकडाचा किंवा तसा कुठलाही, जो २ ते ४ फुटांतच पोहतो. गोट्यांचं टोक, दोन तलाव जोडणारा कालवा, पुलाखालचं तोंड अशा जागी काठाला समांतर फेका, सरळ समोर नाही. समांतर फेकीत ल्युर पूर्ण वेळ कामाच्या खोलीत राहतो. गुंडाळणं इतकं सावकाश की ल्युरची थरथर रॉडच्या टोकाला जेमतेम जाणवेल. नवखे यात घाई करतात.

पद्धत दोन: वर सांगितलेलाच सरकता बोया, गरीही तीच ६ नंबरची, पण त्यावर जळू, चोखणीच्या जाड टोकातून एकदाच टोचलेली. बोया काठापासून पाणवनस्पती संपतात तिथे, आणि आमिष तळापासून एक ते दीड फूट वर. इथे हिशेब क्रॅपीपेक्षा वेगळा: वॉलाय तळाजवळ असतो, म्हणून तळ मोजून मग वर या. अंधारात बोयाच्या टोकाला प्रकाशकांडी लावा. बोया बुडाल्यावर लगेच झटका नको. ढिला तंगूस गुंडाळा, वजन लागलं की रॉड बाजूला ओढून घ्या. हंगामाच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरनंतर जळूपेक्षा अडीच-तीन इंची मिनो बरा, भर उन्हाळ्यात जळू किंवा गांडूळ.

लिंडी रिग, म्हणजे सरकतं पाव औंसाचं शिसं, मग स्विव्हल (फिरती कडी), मग ३-४ फूट लीडर (टोकाचा वेगळा तंगूस) आणि गरी, ही बोटीतून सावकाश ओढायची गोष्ट. काठावरून वनस्पतींत अडकण्यापलीकडे तिचा उपयोग नाही.

ब्रेडवाला

तंगुसाबाबत मतभेद नोंदवतो. एकाच रिळावर दोन्ही मासे करायचे असतील तर ६ पाउंडाच्या मोनोपेक्षा १० पाउंडाचा ब्रेड (विणलेला तंगूस) घ्या, त्याची जाडी २-३ पाउंडाच्या मोनोइतकीच असते. पुढे ६ पाउंडाचा ४ फूट फ्लुरोकार्बन लीडर. वेटोळी अजिबात नाही, ल्युर लांब जातो. दोन अटी: ब्रेड थेट रिळाला बांधलात तर सगळा गोल फिरत राहतो, आधी थोडा मोनो भरून त्यावर बांधा. आणि ब्रेडला ताण सोसायची लवचीकता नाही, क्रॅपीला रॉड उचलतानाही हात हलका ठेवा, ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सैल.

या तलावांत नॉर्दर्न पाइक (धारदार दातांचा मासा) भरपूर. तो लागला की लीडर कापला जाणार, हे धरून चाला. मासा सुटल्यावर शेवटचा फूटभर तंगूस बोटांतून फिरवा, खरखरीत लागला तर कापून नवीन गाठ मारा.

लव्हाळकाठ

ब्रेड चालेल, पण नुसत्या क्रॅपीला मोनोच. सरकत्या बोयाची दोऱ्याची गाठ ब्रेडवर घसरते, आणि वाऱ्यात हलका ब्रेड पाण्यावर उडत राहतो. नवशिक्याला एका संध्याकाळी तेवढा गुंता पुरे.

नवा_गळकरी

मनापासून आभार. लेकफाइंडर उघडून बसलोय, जवळच्या तलावाची पाहणी नवी आहे आणि १० इंची क्रॅपीही दिसताहेत. आणखी तीन शंका. मिनो दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवता येतात का? घरी टबात ठेवले की मरतात. जवळच्याने १२ फुटी कयाक देऊ केलाय, त्याला काही कागदपत्रं लागतात का? आणि जुलैत सगळे म्हणतात ‘वॉलाय खोल जातो’, मग तलावाच्या ४० फुटी खड्ड्यावर जाऊन सोडावं का?

नियमपुस्तक

पहिल्या दोन्हींचं उत्तर देतो.

मिनो मरतात ते नळाच्या पाण्याने. मिनिआपोलिस आणि सेंट पॉलच्या पाण्यात क्लोरामाइन असतं, आणि साध्या क्लोरीनसारखं ते रात्रभर उघडं ठेवून उडून जात नाही. बाटलीचं किंवा विहिरीचं पाणी वापरा, नाहीतर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे थेंब, ज्यावर क्लोरामाइनसाठी असं लिहिलेलं असेल ते. गॅलनला डझनभरापेक्षा जास्त नको, हवेचा छोटा पंप लावा आणि गार जागी ठेवा. जळवा सोप्या: गार पाण्यात, फ्रिजमध्ये, रोज पाणी बदलून आठवडाभर राहतात. त्याच तापमानाचं पाणी घाला, एकदम बदल सोसत नाही.

तलावाचं पाणी मात्र घरी न्यायचं नाही. निघण्यापूर्वी बादलीतलं पाणी काठावर जमिनीवर ओतून बरोबर आणलेलं पाणी भरायचं, हा झेब्रा शिंपले वगैरे पसरू नयेत म्हणूनचा कायदा आहे. उरलेले मिनो तलावात सोडायचे नाहीत, कचऱ्यात टाकायचे. कयाकला चिकटलेल्या वनस्पती काढा, त्यातलं पाणी सांडा, बूच असेल तर उघडं ठेवून गाडीवर न्या.

कयाक १० फुटांपेक्षा लांब असेल तर मिनेसोटात नोंदणी लागते. तुमचा १२ फुटी आहे, तेव्हा मालकाने केलीय का ते विचारा. प्रत्येकी एक लाइफ जॅकेट, आणि रात्री पांढरा दिवा हाताशी.

उघड्या पाण्यात (बर्फ नसताना) माणशी एकच लाइन, म्हणजे एकच रॉड. क्रॅपीला हंगामबंदी नाही, राज्यभराची मर्यादा १०, पण काही तलावांवर ५ आहे. वॉलायचा हंगाम फेब्रुवारीअखेरीस बंद होतो आणि मेच्या मध्यावर उघडतो. एप्रिलमध्ये क्रॅपी गरवताना वॉलाय लागला तर लगेच सोडायचा, फोटोसाठी थांबायचं नाही. किती आणि किती लांबीचे ठेवता येतात ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत त्या तलावाच्या नावाखाली बघा, प्रवेशाच्या जागीही पाटी असते. आणि काठावरच तुकडे करून घरी नेणार असाल तर वॉलायच्या प्रत्येक फिलेवर (काटा काढलेल्या तुकड्यावर) खवल्यांसकट एक चौरस इंच कातडी ठेवावी लागते, मासा ओळखता यावा म्हणून. सरळ अख्खा मासा बर्फात घालून घरी न्या, वाद नको.

सुरमईप्रेमी

स्वयंपाकघराची बाजू कुणी घेतली नाही म्हणून. क्रॅपीचा फिले पातळ आणि मऊ असतो, कालवणात विरघळतो. रवा फ्रायला उत्तम: कातडी काढून, मीठ-हळद-तिखट-लिंबू फक्त दहा मिनिटं, जास्त ठेवलं तर पाणी सुटतं आणि रवा चिकटत नाही. बारीक रव्यात चमचाभर तांदळाचं पीठ, तवा चांगला तापलेला, एकदाच उलटायचा. वॉलायचं मांस घट्ट, कोकम घातलेल्या कालवणात टिकतं. फिलेच्या पुढच्या तिसऱ्या भागात बारीक काट्यांची एक ओळ असते, बोटाने चाचपून दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन काढा. स्वच्छ करताना वॉलायचे दात आणि कल्ल्यांच्या झाकणाची धार सांभाळा, क्रॅपीचे पाठीचे काटे.

पाऱ्याचं लक्षात ठेवा. गरोदर स्त्रिया आणि १५ वर्षांखालच्या मुलांसाठी राज्याच्या आरोग्य खात्याचा सर्वसाधारण सल्ला असा की क्रॅपी आठवड्यातून एकदा, २० इंचांखालचा वॉलाय महिन्यातून एकदा, त्याहून मोठा नको. मिनिआपोलिस-सेंट पॉल भागातल्या काही तलावांना पीएफओएस या रसायनामुळे याहून कडक सल्ला आहे, तोही तलावाच्या नावाने शोधता येतो.

संधिप्रकाश

राहिला जुलैतला खड्डा. तिथे जाऊ नका.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी थरांत विभागतं: वर गरम, खाली थंड, मध्ये काही फुटांत तापमान झपाट्याने पडतं. खालच्या थराला वाऱ्याने हवा मिळत नाही. आपल्याकडच्या लहान तलावांत खतं आणि पानगळ वाहून येते, ती तळाला कुजताना प्राणवायू संपवते. जुलैच्या मध्यापर्यंत अनेक तलावांत १५-२० फुटांखाली माशाला श्वास घेता येत नाही, काहींत १२ फुटांखालीही. तुमचा ४० फुटी खड्डा तेव्हा रिकामा असतो. ‘वॉलाय खोल जातो’ हे खरं आहे मोठ्या, थंड, स्वच्छ पाण्याच्या तलावांबद्दल.

कयाकवर साधा सोनार असला तर संवेदनशीलता वाढवा, हा मधला थर आडव्या धूसर पट्ट्यासारखा दिसतो आणि मासे त्याच्या वरच असतात. सोनार नसेल तर दोरीला थर्मामीटर बांधून तीन-तीन फुटांवर दोन मिनिटं ठेवत जा, जिथून तापमान एकदम घसरतं तो थर. पटकन वर ओढा, नाहीतर वरच्या पाण्याचा आकडा येतो. तो थर उतारावर जिथे टेकतो त्याच्या दोन-तीन फूट वरची पट्टी, विशेषतः पाणवनस्पतींची कड त्याच खोलीवर येत असेल तर, जुलै-ऑगस्टमध्ये वॉलायला तिथेच शोधा. क्रॅपी त्याच कडेच्या बाहेर, उघड्या पाण्यात, त्याहून वर.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पाणी गार होऊन थर मोडतात आणि तलाव ढवळला जातो. तो आठवडाभर काहीच लागत नाही, पाणी गढूळ आणि वास मारणारं असतं. ते निवळलं की कयाक ठेवून द्या आणि पुन्हा काठावर या, ल्युर घेऊन, अंधार पडता पडता.